टँकरची वेळ तीन भाषांतून बिनचूक नेण्याची कृती

वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली, तरी इथल्या अनेक सोसायट्यांना आजही टँकरचं पाणी घ्यावं लागतं. समजा, सोसायटीचं ॲप जावास्क्रिप्टमध्ये, सर्व्हर जावात आणि महिन्याचा हिशेब पायथनमध्ये आहे. पहाटे ५ ते ६ ही पाळी तिघांनाही सारखीच कळली पाहिजे. नाहीतर पाणी एका तारखेला आणि बिल दुसऱ्या तारखेला लागेल.

१. आधी नियम लिहून ठेवा: सुरुवातीचा क्षण पाळीत धरायचा, शेवटचा धरायचा नाही. मग ५ ते ६ आणि ६ ते ७ या पाळ्या लागून बसतात, एकमेकींवर चढत नाहीत.

२. जेसनमध्ये तारखेसाठी वेगळा प्रकार नाही. सुरुवात आणि शेवट दोन रकान्यांत मजकूर म्हणून लिहा. आयएसओ ८६०१ नुसार दोन्ही वेळा तिरक्या रेघेनं जोडता येतात, पण ही जोडी थेट वाचायची सोय तिन्ही भाषांत मुळात नाही.

३. प्रत्येक वेळेच्या मजकुराशेवटी +०५:३० लिहा. पहाटेचे ५ म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे २३:३०. त्यामुळे बिलाची तारीख काढण्याआधी वेळ भारतीय वेळेत आणाच.

४. जावा नॅनोसेकंद जपते, पायथन मायक्रोसेकंद, जावास्क्रिप्टचं डेट फक्त मिलिसेकंद. पाठवतानाच मिलिसेकंदांवर थांबा.

५. वाचताना जावात ऑफसेटडेटटाइम वापरा, पायथनमध्ये फ्रॉमआयएसओफॉरमॅट. जावास्क्रिप्टचं टूआयएसओस्ट्रिंग वेळ यूटीसीत देतं आणि शेवटी झेड लावतं. तो झेड पायथनची ही सोय ३.११ पासूनच ओळखते.

६. जावास्क्रिप्टमध्ये मराठी लोकेल लावलं की अंक देवनागरी येतात. ते रहिवाशांना पडद्यावर दाखवा. पाठवायच्या मजकुरात इंग्रजी अंकच ठेवा.

७. आता चाचणी घ्या. पहाटे ५ ते ६, रात्री ११:३० ते १२:३० आणि महिनाअखेरची मध्यरात्र ओलांडणारी, अशा तीन पाळ्या तिन्ही भाषांतून फिरवून परत आणा. मजकूर तंतोतंत जुळायला हवा असं नाही, क्षण जुळले पाहिजेत. शेवट सुरुवातीच्या आधी असेल, तर ती नोंद सर्व्हरनं नाकारलीच पाहिजे.

८. मध्यरात्र ओलांडणारी पाळी सुरुवातीच्या भारतीय तारखेच्या बिलात धरायची, हेही त्याच नियमांत लिहा. सोसायटी आणि टँकरवाला दोघांनाही ते आधीच दाखवा.