नाडी पुन्हा मोजा

भोगी, संक्रांत आणि कर हे तीन दिवस येवला गच्चीवर राहतं. हातात मांजाची आसारी, कानात हलकडीचा ठेका, नजर आभाळातल्या पतंगावर आणि पाय मागे मागे सरकत कडेला. नायलॉन मांजाविषयी आता बरंच बोललं जातं, आणि ते बोललंच पाहिजे. पण मांजाची जखम दिसते. रक्त दिसलं की चार माणसं धावतात, जखम दाबून धरतात, रिक्षा आणतात. गच्चीवरून पडलेला पोरगा मात्र कपडे झटकत उठतो, ‘काही नाही लागलं’ म्हणतो आणि परत वर चढतो. अपघात विभागात परिचारिका म्हणून नोकरी केली त्या सगळ्या काळात मला धास्ती असायची ती याच पोराची.

असाच एक मुलगा करीच्या दिवशी सकाळी आमच्याकडे आला. आदल्या दुपारी पहिल्या मजल्यावरून पडला होता, ओट्याच्या कडेवर डाव्या कुशीला. जवळच्या एका दवाखान्यात दुखणं थांबायचं इंजेक्शन मिळालं, सोनोग्राफी झाली, रिपोर्ट चांगला आला आणि त्याला घरी पाठवलं. रात्रभर त्याचा डावा खांदा ठणकत होता. आई म्हणाली, “सिस्टर, खांद्याचा फोटो काढून द्या, मुरगळला असंल.” खांद्यावर ना सूज, ना वळ. हात सगळीकडे फिरत होता. आडवं केलं की मात्र खांदा जास्त दुखायचा. नाडी ११८, बीपी ११६/७८.

“बीपी तर नॉर्मल आहे ना?” वडिलांनी विचारलं. हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं उत्तर नीट देते.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं पाऊण लिटर गेलं तरी वरून फारसं काही कळत नाही. त्यापुढे नाडी वाढते, हातपाय गार पडतात, माणूस उगाच बेचैन होतो. पण तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी धरून ठेवतं आणि ते घसरायला लागतं तोवर बहुतेक वेळा दीड लिटरच्या आसपास रक्त गेलेलं असतं. लहान मुलं तर अगदी शेवटपर्यंत बीपी धरतात आणि मग एकदम कोसळतात. हिमोग्लोबिनवरही पहिल्या तासांत विसंबू नये. हंड्यातलं अर्धं ताक सांडलं तरी उरलेल्याची चव तीच राहते, तसं हे आहे. अंगातलं पाणी रक्तात उतरून ते पातळ होतं, तेव्हा कुठे आकडा खाली येतो.

खांद्याचं कारण पोटात होतं. डाव्या बरगड्यांखाली प्लीहा असते, नरम आणि रक्ताने भरलेली. ती फाटली की रक्त छाती-पोटामधल्या पडद्याला टेकतं. त्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या एकाच पातळीवरच्या नसांतून जाते, म्हणून दुखतो खांदा. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी बरगडीखाली हात ठेवताच मुलाने अंग आखडलं. त्यांनी जुना रिपोर्ट बाजूला ठेवून सोनोग्राफी पुन्हा करवली. प्लीहा आणि मूत्रपिंडाच्या मध्ये काळी पट्टी दिसली. ते रक्त होतं.

आदल्या दिवसाची सोनोग्राफी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. तातडीच्या वेळी सोनोग्राफी चार जागी पाहते: हृदयाभोवती, यकृताखाली, प्लीहेपाशी आणि ओटीपोटात. तिथे दोनशे-अडीचशे मिलिलिटर तरी रक्त साचलं पाहिजे, तेव्हा ते दिसतं. आतड्याला पडलेलं भोक तर तिच्यात बहुधा कळतच नाही. म्हणजे चांगला रिपोर्ट त्या तासापुरता खरा. चूक झाली ती रिपोर्ट आल्यावर नाडी मोजणं थांबलं तिथे. मुक्या मारात माझा सगळ्यात जास्त भरवसा कुठल्याही यंत्रापेक्षा कागदावर वेळ घालून लिहिलेल्या नाडीच्या ओळीवर आहे. ८८, ९६, १०८ अशी चढती ओळ दिसली की पेशंट हसत बोलत असला तरी सर्जनला बोलवायचं. म्हाताऱ्या माणसांत मात्र हा हिशेब फसतो. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी वाढतच नाही, आणि ज्याचं रोजचं बीपी १६० असतं त्याला ११० म्हणजे कमीच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आल्या आल्या, कुणी विचारण्याआधी सांगावं.

मुलाला १०८ रुग्णवाहिकेतून नाशिकला नेलं. विंचूर-निफाडमार्गे ८० किलोमीटरहून जास्त वाट. तिथे सीटी स्कॅन झाला. नाडी-बीपी स्थिर असल्याने ऑपरेशन न करता त्याला पलंगावर ठेवून, तासातासाला तपासून सांभाळलं आणि प्लीहा वाचली. ती काढावी लागली असती तर न्यूमोकोकससारख्या जंतूंविरुद्धच्या लसी घेणं आणि पुढे प्रत्येक ताप गंभीरपणे घेणं आलं असतं.

पायावर पडलेल्या माणसाबद्दल वेगळं सांगायला हवं. टाच मोडलेली असेल तर कंबरेचा मणकाही तपासून घ्या. टाचेवर आलेला दणका सरळ वर जातो आणि या दोन्ही इजा बरेचदा जोडीने येतात. टाचेच्या दुखण्यात पाठीचं दुखणं झाकलं जातं. अशा माणसाला काखेत आणि गुडघ्यात धरून झोळी करून उचलू नये. मान, खांदे, कंबर, पाय एका रेषेत धरून चौघांनी एकदम फळीवर घ्यावं. ओटीपोटाचं हाड मोडल्याची शंका असेल तर दाबून, हलवून पाहू नये. तिथे आतल्या आत लिटरांनी रक्त जाऊ शकतं. चादरीची रुंद घडी घालून कंबरेच्या खाली, मांडीच्या हाडाचा उंचवटा बाहेरून हाताला लागतो त्या पातळीवर घट्ट आवळावी. कमरेवर बांधली तर तिचा उपयोग नाही.

नगर-मनमाड रस्त्यावरचे रात्रीचे अपघात येत, तेव्हा एक वाक्य हमखास कानावर पडायचं: “प्यायलाय, झोपू द्या.” दारूचा वास आला म्हणून डोक्याला मार नाही असं कुणी ठरवू नये. शुद्धीवर आलेला, नीट बोललेला माणूस दोन-चार तासांनी कवटीतल्या रक्तस्रावाने पुन्हा गुंगीत जातो. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, एक बाहुली मोठी, एक हात ढिला, यातलं एकही दिसलं तर सीटी स्कॅनला उशीर नको. सायकलच्या हँडलचा पोटात दणका बसलेलं मूल दुसऱ्या दिवशी उलट्या करू लागलं तर त्याच्या स्वादुपिंडाला किंवा आतड्याला मार असू शकतो. त्याला अपचन समजून ओवा देत बसू नये.

आज अपघात विभागात जो क्रम पाळतात त्याच्या मुळाशी एका डॉक्टरचं दुःख आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यचिकित्सकाचं छोटं विमान कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं जखमी झाली आणि गावातल्या रुग्णालयात जे उपचार मिळाले ते पाहून तो अस्वस्थ झाला. त्याने सहकाऱ्यांबरोबर दोन वर्षांत डॉक्टरांसाठी प्रशिक्षण उभं केलं. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध, आणि शेवटी सगळे कपडे काढून पाठीपासून पायापर्यंत तपासणी. निदान पुरं व्हायची वाट न पाहता जे आधी मारेल ते आधी आवरायचं. कपडे काढल्यावर लगेच पांघरूण घालायचं. जानेवारीत येवल्याची रात्र बोचरी असते आणि गार पडलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही.

नातेवाइकांचा आग्रह असतो, ‘सलाईन लावा, अजून एक लावा.’ बाटलीवर बाटली चढवली की रक्त पातळ होतं, गोठायची ताकद कमी होते आणि धरलेली गुठळी सुटू शकते. रक्त वाहत असलेल्या माणसाला रक्त हवं आणि ते थांबवणारा सर्जन. ट्रॅनेक्झामिक ॲसिडचं इंजेक्शन उपयोगी आहे. वीस हजारांहून जास्त जखमींवरच्या ‘क्रॅश-२’ या अभ्यासाने २०१० साली ते दाखवून दिलं. पण ते पहिल्या तीन तासांत द्यावं लागतं. आमच्या मुलाची ती वेळ घरच्या खाटेवरच निघून गेली होती.

पोलीस केस होईल म्हणून थांबू नका. आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याचं संरक्षण आहे. १०८ फुकट आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. ती येईपर्यंत जखमीला पाणी, चहा, जेवण काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. पोट चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका.

आणि मोठ्या रुग्णालयात पाठवताना खिशात एक चिठ्ठी द्या. किती वाजता पडला, किती उंचीवरून, अंगाची कोणती बाजू आपटली, मध्ये बेशुद्ध होता का, शेवटचं खाल्लं कधी, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणतं इंजेक्शन दिलं. त्याखाली दर पंधरा मिनिटांची नाडी, वेळेसकट. नाडी घरच्या कुणालाही मोजता येते. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजायचं.