एकाने टाकीबाहेर थांबायचं

जोडीने लांबच्या प्रवासाला निघालं की घरच्यांचा घोर निम्मा होतो. पोलादपूरच्या घरातून निघताना सासूबाई म्हणाल्याच होत्या, "दोघं आहात ना, मग मला काळजी नाही." मला आता याच्या नेमकं उलट वाटतं. एकटा माणूस भीतीपोटी का होईना, सावध राहतो. जोडपं गाफील असतं, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतोय.

मी महाड एमआयडीसीत क्यूसी लॅबमध्ये होते, मिस्टर दुसऱ्या एका कारखान्यात प्लांटवर शिफ्ट इनचार्ज. मुलगी पुण्याला शिकायला गेली, मिस्टरांनी नोकरी सोडली, हिशेबाचे पैसे हातात आले. मग २०२४ च्या दिवाळीनंतर पाठीवर सॅक टाकून निघालो. व्हिएतनाम, लाओस, थायलंड, कंबोडिया, शेवटी बाली. शिमग्याच्या आत घरी. फार सुंदर प्रवास झाला, त्याचं वर्णन पुन्हा कधीतरी. आमचं बघून एमआयडीसीतली, बिरवाडीकडची दोन-चार जोडपी आता तयारीला लागली आहेत आणि 'काय काय घेऊ' म्हणून विचारतात. सामानाची यादी कुठेही मिळते. मला सांगायचंय ते वेगळं आहे.

रसायनाच्या कारखान्यात टाकी किंवा रिअ‍ॅक्टर साफ करायला माणूस आत उतरवायचा तर आधी परमिट लागतं. आतली हवा तपासतात. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कोणी उतरत नाही. आणि झाकणापाशी एक स्टँडबाय उभा राहतो. आतला माणूस कोसळला तरी त्याने आत उडी मारायची नाही. दोर ओढायचा, ओरडायचं, मदत बोलवायची. टाकीच्या अपघातात एकामागोमाग तीन-तीन माणसं जातात ती बहुधा याच कारणाने, पहिल्याला काढायला दुसरा उतरतो म्हणून. प्रवासात जोडपी रोज एकाच टाकीत उतरत असतात. एकाच गाडीवरचं खातात, एकाच स्कूटरवर बसतात, दोघांचे पासपोर्ट एकाच पाऊचमध्ये, दोघांचे पैसे एकाच खात्यात, आणि सगळे पासवर्ड एकाच्याच डोक्यात.

दारूचं आधी सांगते, कारण त्या विषयात माझं आयुष्य गेलं. पिण्यात नव्हे, तपासण्यात. आम्ही लाओसला पोहोचायच्या थोडं आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, तिथल्या वांग व्हियेंग या पर्यटकांच्या गावात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक दगावले. बहुतेक जण विशीच्या आसपासचे. महाडच्या माणसाला मिथेनॉल नवीन नाही, आमच्या वसाहतीत तो टँकरने येतो. लॅबमध्ये जीसी मशीनवर मिथेनॉल आणि इथेनॉलचे पीक वेगवेगळे दिसतात. नाकाला आणि जिभेला मात्र ग्लासातला फरक कळत नाही, वीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या नाकालाही नाही. पोटात गेल्यावर शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल करतं, आणि ते आधी डोळ्याच्या नसेवर जातं. लगेच काही होत नाही, हाच त्यातला घात. बारा-चोवीस तासांनी डोकं दुखतं, मळमळतं, नजर धुरकट होते, आणि माणसाला वाटतं रात्रीची उतरली नाही अजून. मुंबईत मालवणीला २०१५ साली शंभराहून अधिक माणसं गेली ती याच विषाने. म्हणून बादलीतलं कॉकटेल नको, फुकटचा शॉट नको, गावात घरी गाळलेली भाताची दारू तर नकोच, यजमान कितीही प्रेमाने देवो. घ्यायचीच असेल तर समोर झाकण उघडलेली बिअर घ्या. आणि दोघांपैकी एकाने त्या रात्री काहीच घ्यायचं नाही. सकाळी जोडीदाराला धूसर दिसतंय म्हटल्यावर झोपू न देता मोठ्या रुग्णालयात नेणारं कोणीतरी शुद्धीवर हवं. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोगाचा.

खाण्याचंही तेच. व्हिएतनामच्या ह्युएमध्ये आम्ही दोघांनी एकाच हातगाडीवर एकच पदार्थ मागवला आणि रात्रभर आळीपाळीने बाथरूम. दोघंही आडवे, खाली दुकानापर्यंत जाऊन ओआरएस आणायला कोणी नाही. त्यानंतर रस्त्यावर खाताना एकाने एक घ्यायचं, दुसऱ्याने दुसरं, असं ठरलं. मिस्टरांना हे अति वाटायचं. "अगं, चव तरी बघू दे," म्हणायचे. चव बघा, पण पोटभर नको.

खरी परीक्षा झाली ती दक्षिण लाओसमध्ये. मेकाँगच्या पात्रात सी फान दोन म्हणून बेटांचा पुंजका आहे, त्यातल्या 'दोन देत' नावाच्या बेटावर आम्ही राहिलो होतो. झोपाळा, नदी, भात, सगळं आपल्या सावित्रीकाठासारखं, फक्त आवाज कमी. तिथे मिस्टरांना ताप भरला. डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून निघालेलं. सोबत एक युरोपियन मुलगा होता, त्याने मोठ्या मनाने आयबुप्रोफेनची पट्टी पुढे केली. ती परत केली, हे बरं झालं. डेंग्यूचा संशय असेल तर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आपल्याकडच्या अंगदुखीच्या कित्येक गोळ्यांत यातलं काहीतरी असतंच, म्हणून निघतानाच पट्टीमागची बारीक अक्षरं वाचून औषधांची पिशवी भरा.

सकाळच्या होडीने काठावरच्या नाकासांगला आलो, तिथून व्हॅनने पाक्से शहरात. रक्त तपासलं, डेंग्यूची एनएस वन तपासणी पॉझिटिव्ह. ही तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांतच भरवशाची असते, म्हणून 'उद्या बघू' करत बसू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर ताप उतरला आणि मिस्टर म्हणाले, "उतरला बघ, आता कंबोडियाला निघू." इथेच सगळे फसतात. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच सगळ्यात धोक्याचे. पोटात जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अस्वस्थपणा किंवा ग्लानी, यातलं एक जरी दिसलं तरी रुग्णालय गाठायचं. मिस्टरांना उलट्या सुरू झाल्या आणि ते गुंगीत बोलायला लागले. पाक्सेहून थायलंडची हद्द जवळ आहे. चोंग मेकच्या नाक्यावरून पलीकडे जाऊन उबोन राचथानी या मोठ्या शहरात त्यांना दाखल केलं. लाओसचा आमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा होता, हद्द ओलांडली की तो संपला, पण अशा वेळी व्हिसा कोण बघतो? तुम्ही मात्र आधी बघून ठेवा. ज्या देशात उपचार कमी पडतील तिथून सगळ्यात जवळचं मोठं रुग्णालय कुठल्या देशात आहे, तिथे भारतीयांना शिरायला काय लागतं, हे निघण्याआधी कागदावर लिहा. नियम बदलत असतात, दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजे पाहा.

रुग्णालयाने अनामत मागितली. कार्ड माझ्या हातात, ओटीपी मिस्टरांच्या मोबाईलवर, मोबाईलला पिन, पिन मिस्टरांच्या डोक्यात, आणि डोकं तापात. विमा कंपनीच्या हेल्पलाइनने पॉलिसी क्रमांक विचारला, तो त्यांच्या ईमेलमध्ये. मी स्टँडबाय होते खरी, पण दोर माझ्या हातात नव्हता. शेवटी माझ्या पगाराच्या जुन्या खात्याचं डेबिट कार्ड कामी आलं. त्याचा ओटीपी माझ्या नंबरवर यायचा, आणि माझं सिम रोमिंगवर चालू होतं. ते नसतं तर मुलीला मध्यरात्री उठवावं लागलं असतं.

म्हणून ज्या बाया 'ते सगळं हेच बघतात' म्हणतात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, बघू देऊ नका. प्रत्येकाच्या नावावर वेगळं खातं, वेगळं कार्ड आणि रोमिंगवर चालणारं आपापलं भारतीय सिम हवं. एकमेकांचे पिन पाठ हवेत. पासपोर्ट वेगवेगळ्या सॅकमध्ये, आणि दोघांच्या सगळ्या कागदांच्या प्रती दोघांच्याही मोबाईलवर आणि घरी एका जबाबदार माणसाकडे. विम्याची पॉलिसी भारतातून निघण्याआधी घ्या आणि त्यातलं 'काय मिळणार नाही' हे पान आधी वाचा. आम्हाला पैसे मिळाले, कागदपत्रांचा बराच पाठपुरावा करून. पण पॉलिसी क्रमांक पहिल्या फोनवर सांगता आला असता तर अनामत भरायची वेळच कदाचित आली नसती.

'काय मिळणार नाही' या पानावर हमखास असते दुचाकी. आपण आंबेनळी आणि वरंध घाटात गाडी चालवलेली माणसं, उत्तर व्हिएतनामच्या 'हा झांग' भागातला घाट बघून हात शिवशिवतात. पेणच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून लोक निघतात. तो एक वर्ष चालतो, पण भारत तो १९४९ च्या कराराखाली देतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या कराराचा परवाना मानतो. म्हणजे व्हिएतनाममध्ये तुम्ही कायद्याने विनापरवाना. पोलिसांचा दंड एक वेळ परवडेल, पण हाड मोडलं तर विमा हात वर करतो. आम्ही गावातले दोन चालक घेतले, दोघं दोन वेगळ्या गाड्यांवर मागे बसलो. घाट बघायला दोन्ही हात मोकळे, हेही काही वाईट नाही.

साप-विंचवांना आम्ही महाडकर बिचकत नाही. डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातून विंचूदंशावरचं काम सुरू केलं आणि प्राझोसिनने माणसं वाचवली, ते जगाने मान्य केलं. बूट झटकून घालायची सवय इथल्या पोरांनाही असते. पण आपलं ज्ञान हद्दीपलीकडे तसंच्या तसं चालत नाही. आपली सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरची. तिकडच्या हिरव्या चापड्यांवर तिचा भरवसा नाही, तिकडे तिकडचीच लस लागते. त्यामुळे ती सोबत नेण्याच्या फंदात पडू नका, सरळ मोठं रुग्णालय गाठा.

माकडांचं मात्र मनावर घ्या. बाली २००८ पर्यंत रेबीजमुक्त होतं, त्यानंतर नाही. कुत्रा किंवा माकड चावलं, नुसतं ओरखडलं तरी साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. निघण्याआधीच रेबीजची लस घेतली असेल तर चावल्यावरचे डोस कमी होतात आणि इम्युनोग्लोब्युलिन शोधत फिरावं लागत नाही. लहान बेटांवर ते मिळत नाही.

आणि हो, मसाला. खसखस घातलेला मसाला सॅकमध्ये असेल तर सिंगापूर किंवा दुबईमार्गे जाताना काढून ठेवा. तिथे खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.

आग्नेय आशियाच्या पुढे कोणी आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेचा बेत करत असेल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी मान्यताप्राप्त केंद्रात घ्या. पिवळं कार्ड नसेल तर परतताना भारतातच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. २०१६ पासून तो दाखला आयुष्यभर चालतो, तेव्हा लॅमिनेशन न करता जपून ठेवा.

परत आल्यावरची एक गोष्ट. महाडमध्ये पावसाळ्यात ताप आला की डॉक्टर आधी डेंग्यू आणि लेप्टो बघणार, २०२१ च्या पुरानंतर तर जास्तच. ते बरोबरच आहे. पण काही मलेरिया शरीरात महिनोन्महिने लपून राहतो आणि नंतर उठतो. म्हणून वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात कुठून कुठून फिरून आलात ते सांगा. आणि सांगायला दोघंही जा.