गाडीचा पंखा, डायनमो आणि टाकीतली मासळी

मासळी आणि बोटुकली नेणाऱ्या गाड्या आपल्यात आता बऱ्याच झाल्या, म्हणून आज जाळं-होडी सोडून गाडीबद्दल लिहितोय. असीरगडच्या घाटात गाडी गरम झाली, बॅटरी बसली आणि टाकीतला हवेचा पंप थांबला, तर माल हातचा जातो. या तिन्हींचं मूळ पुष्कळदा एकच असतं.

जुन्या जीपचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा, बॅटरीशी त्याचं देणंघेणं नव्हतं. आताच्या व्हॅन-कारमध्ये पंख्याला विजेची मोटर असते. इंजिनमधलं पाणी साधारण 95 अंशांच्या आसपास गेलं की सेन्सरच्या इशाऱ्यावर रिले पंखा लावतो, थंडावलं की बंद करतो. गाडी वेगात असताना समोरचा वारा रेडिएटरला पुरतो. पंखा लागतो तो घाटात ट्रकमागे अडकल्यावर, रेल्वे फाटकावर, मंडईच्या गर्दीत. आणि नेमकं तेव्हाच इंजिन आयडलला असतं, म्हणजे डायनमो कमी वीज देतो.

हिशोब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर. 120 वॅटचा पंखा म्हणजे 10 अँपिअर. 55 वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे 9. इंजिनचं स्वतःचं काम 10 धरा. टाकीवरचा 60 वॅटचा पंप 5. झाले 34. डायनमोवर 60 अँपिअर लिहिलेलं असलं तरी आयडलला, त्यात मे महिन्याच्या आपल्या बऱ्हाणपुरी उन्हात, निम्मं मिळालं तरी पुष्कळ. उरलेलं बॅटरीतून जातं. तापीला वरून आवक कमी आणि उपसा जास्त झाला तर पातळी उतरते, तसंच हे. पुढे व्होल्टेज पडलं की पंखाच हळू फिरतो, इंजिन आणखी तापतं आणि पंखा बंद व्हायचं नाव घेत नाही.

आता कंट्रोलरचं. साधा रिले म्हणजे एक तर पूर्ण चालू नाही तर पूर्ण बंद. सुरू होताना मोटर क्षणभर दोन-तीन पट करंट ओढते. हेडलाइट मिणमिणतो तो त्यामुळे. काही गाड्यांत दोन स्पीड असतात, पण कमी स्पीडला रेझिस्टर लावलेला असेल तर थोडी वीज तिथेच गरमीत वाया जाते. चांगला इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर पंखा हळूहळू सुरू करतो आणि पाणी जेवढं तापलं तेवढाच फिरवतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी मिळते, पण ताकद कागदावर आठवा हिस्साच लागते. मोटारीतलं नुकसान धरलं तरी बचत मोठी आहे. मात्र कंट्रोलर डायनमोची वीज वाढवत नाही. डायनमोचा पट्टा ढिला असेल तर महागडा कंट्रोलर लावून काही उपयोग नाही.

रस्त्यावरचा मिस्त्री पुष्कळदा पंखा 'डायरेक्ट' करून देतो. घरी पोहोचण्यापुरतं ठीक, पण तसंच महिनोन्महिने चालवू नका. पंखा सतत करंट खातो, आणि वायर सरळ बॅटरीला जोडली असेल तर किल्ली काढल्यावरही फिरत राहतो. मध्ये फ्यूज नसेल तर वायर जळायची भीती वेगळीच.

तपासणी घरी होते. साधा मल्टिमीटर बॅटरीला लावा. गाडी रात्रभर बंद असेल तर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मग इंजिन आयडलला ठेवून पंखा, हेडलाइट, पंप सगळं लावा. 13.5 च्या वर राहिलं तर चांगलं. 13 च्या खाली गेलं तर पट्टा, बॅटरीची टोकं आणि अर्थिंगची वायर बघून घ्या. हे सगळं ठीक असूनही आकडा वाढत नसेल, तर डायनमो इलेक्ट्रिशियनला दाखवा. गर्दीत अडकलात तर न्यूट्रलला इंजिन 1500 च्या आसपास ठेवा, डायनमोला जीव येतो.

हवेच्या पंपाला वेगळी बॅटरी ठेवणं मला सगळ्यात बरं वाटतं. गाडीची बॅटरी बसली तर धक्का मारता येतो, पण तोवर बोटुकली थांबत नाही.