जुन्या गाडीवरचा पसंतीचा शिक्का

इतवारी, गांधीबाग, मोमिनपुरा येथील व्यापारी पूर्वी जुनी मोटार घेताना ओळखीचा मेकॅनिक सोबत नेत. आता कंपन्याच या धंद्यात उतरल्या आहेत. मारुतीने 2001 मध्ये ‘ट्रू व्हॅल्यू’ सुरू केले, नंतर इतर कंपन्याही आल्या. डीलर जुनी गाडी घेतो, तपासून दुरुस्त करतो आणि ‘प्रमाणित’ म्हणून विकतो. अशा गाडीला भाव सहसा जास्त पडतो. हा जादा पैसा कशाचा, हे व्यापारी बंधूंनी समजून घ्यावे.

आम्ही कापडवाले शिक्का पाहून थान घेत नाही, उलगडून पाहतो. येथेही तेच करावे.

1) शोरूममध्ये उभी असलेली प्रत्येक गाडी प्रमाणित असतेच असे नाही. त्याच गाडीच्या तपासणीचा कागद मागावा. वॉरंटी किती महिन्यांची, किती किलोमीटरची, इंजिन व गिअरबॉक्स त्यात आहेत का, हे लेखी घ्यावे. तोंडी हवाला कामाचा नाही.

2) आर.सी. बुकातील इंजिन व चासी नंबर गाडीशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र व फॉर्म 35 घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

3) फॉर्म 29 व 30 भरून गाडी 30 दिवसांत नावावर करण्यासाठी आर.टी.ओ.त अर्ज द्यावा. विमा नावावर करण्याची मुदत 14 दिवस आहे. ती चुकली तर आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते.

4) जुनी गाडी देऊन दुसरी घेणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले की, गाडी विकली तरी आर.टी.ओ.च्या दफ्तरी ज्याचे नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. म्हणजे किल्ली देऊन आलो तरी जबाबदारी गळ्यातच राहते. यावर उपाय म्हणून 1 एप्रिल 2023 पासून नवे नियम लागू झाले. जुन्या गाड्यांच्या डीलरला आर.टी.ओ.चे अधिकारपत्र लागते. गाडी ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म 29सी मध्ये गेली, की पुढची जबाबदारी डीलरची. अधिकारपत्र पाहावे, सूचनेची पोच घ्यावी आणि मगच किल्ली द्यावी.

इंजिनातला ऐब कारागीर काढू शकतो. कागदातला ऐब मात्र कोर्टापर्यंत नेतो, म्हणून सौद्याच्या दिवशी भावाइतकाच वेळ कागदांना द्यावा.