गोधडीतील तुकड्यांचा अनुक्रम

पावतीवर अनुक्रमांक नसेल तर हिशेब जुळविताना किती घोटाळा होतो, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. गोधडी शिवतानाही तोच प्रश्न येतो.

समजा, ५ ओळींत प्रत्येकी ४, असे २० चौकोन जोडावयाचे आहेत. प्रथम ते जमिनीवर मांडून नक्षी ठरवावी. नंतर प्रत्येकाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात चिठ्ठी टाचावी. २-३ म्हणजे दुसऱ्या ओळीतील तिसरा. कोपरा एकच ठेवल्याने चौकोन उलटा फिरला तरी लगेच कळते. ओळी एकमेकींना जोडून झाल्यावरच चिठ्ठ्या काढाव्यात.

आमच्या गणेशगुडीच्या आसपास, जोयडा, हल्याळ, यल्लापूर तालुक्यांत सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात. कन्नडमध्ये हिलाच कौदी म्हणतात. येथे चिठ्ठी नसते. जुन्या साडीच्या अस्तरावर एका कोपऱ्यापासून ठिगळे लावीत, धावदोरा घालीत, कडेकडेने फिरत मध्यापर्यंत यायचे. घरकामासाठी सुई मध्येच ठेवली तरी हरकत नाही. शेवटचा टाका जेथे थांबला, तेथेच पुढच्या ठिगळाची जागा. शेवटी कोपऱ्यांना घडीची त्रिकोणी ‘फुले’ लागली की कवंदी पुरी झाली.

म्हणजे एका पद्धतीत क्रम कागदावर असतो, दुसरीत शिवण्याच्या रीतीतच. कवंदीची किंमत ठरविताना जुने कापड फुकटचे म्हणून सोडून देता येईल. पण रंग पाहून पुढचे ठिगळ निवडणाऱ्या नजरेची मजुरी हिशेबात धरलीच पाहिजे.