तंत्रशिक्षणाची निवड : पैसा आणि आवड

विनयपिटकाच्या महावग्गात राजगृहातील एका दांपत्याची कथा आहे. आपल्या पश्चात मुलगा उपाली सुखाने जगावा, यासाठी त्याला कोणती विद्या शिकवावी, याचा ते विचार करीत होते. (नापितकुळातील थोर विनयधर उपाली तो हा नव्हे.) लेखन शिकला तर बोटे दुखतील, हिशेब शिकला तर छाती दुखेल, नाणी पारखायला शिकला तर डोळे. त्यापेक्षा श्रमणांचे जीवन बरे, चांगले जेवण आणि आडोशाची झोप! उपालीने हे ऐकले, मित्रांना सांगितले, आणि सतरा मुले संघात दाखल झाली. पहाटेच उठून ती पेज मागत रडू लागली. तो आक्रोश ऐकून तथागतांनी उपसंपदेसाठी वीस वर्षे वयाचा नियम घातला. वसतिगृहातील पहिली रात्र आठवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना त्या रडण्याचे नवल वाटू नये.

दहावीचा निकाल लागला की रेवस परिसरातील घराघरांतही हाच हिशेब मांडला जातो. थळचा खत कारखाना, खाडीपलीकडचे न्हावा-शेवा बंदर, धक्क्यावरील लाँचेस आणि मच्छीमार बोटींची इंजिने. काम कोठे आणि पगार किती? आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटर व इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. ज्या घरात वर्षभराची कमाईही महत्त्वाची, तेथे हा फरक लहान नाही. अशा पालकांना ‘पैशाकडे पाहू नका’ असे सांगणे मला उद्धटपणाचे वाटते.

पैसा आणि ध्यास यांची सांगड बाबासाहेबांनी कशी घातली, ते पाहावे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. 1918 मध्ये त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा 450 रुपयांवर प्राध्यापकी स्वीकारली. त्या वेतनातून काटकसरीने शिल्लक टाकली, मित्राकडून कर्जही घेतले, आणि 1920 मध्ये ते अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी लंडनला गेले. नोकरी पैशासाठीच होती. पण तो पैसा कशासाठी, हे ठरलेले होते.

उपालीच्या आईवडिलांची चूक पैशाची नव्हे. बोट, छाती, डोळे यांपैकी काहीच न दुखवणारी विद्या त्यांनी शोधली, तीही ऐकीव माहितीवर. वेल्डरच्या डोळ्यांना ठिणगीचा त्रास, फिटरच्या बोटांना लोखंडाचा, डिझेल मेकॅनिकच्या छातीला धुराचा. दुखणे सर्वत्र आहेच. आवड म्हणजे ते दुखणे सोसूनही दुसऱ्या दिवशी त्याच कामाकडे वळावेसे वाटणे, आणि ते घरबसल्या कळत नाही.

म्हणून प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मुलाला किंवा मुलीला ओळखीच्या कारागिराजवळ पंधरा दिवस बसू द्यावे. हत्यारे पुसावीत, कामाला हात लावू नये, फक्त पाहावे. पहिले दोन दिवस नवलाईचे असतात, ते मोजू नयेत. आठव्या दिवशी घरी आल्यावर मूल त्या कामाविषयी आपणहून काय विचारते, तेवढे मात्र पालकांनी कान देऊन ऐकावे.