काळ्या मण्यांचं वजन सोन्यात नको

(किनवटला लेकीच्या लग्नाचे डाग करायला निघालेली भाची आणि सराफी पेढीवर आयुष्य गेलेले तिचे मामा यांचं बोलणं.)

भाची : मामा, कापसाचे पैसे आलेत. पोरीला दोन तोळ्यांचं मंगळसूत्र करायचंय. आधी काय पाहू?

मामा : आधी तोळा सोड. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा होता, आता बाजारात 10 ग्रॅमलाच तोळा म्हणतात. तू ग्रॅममध्येच बोल.

भाची : आणि बावीसपेक्षा चोवीस कॅरेटचंच का घेऊ नये?

मामा : ते फार मऊ असतं. वाटी दबते, कडी उघडते. म्हणून त्यात तांबं, चांदी मिसळतात. बावीस कॅरेटमध्ये हजारात 916 भाग सोनं, अठरात 750. दहा ग्रॅमचा अठराचा डाग कुणी बावीसचा म्हणून दिला, तर 1.66 ग्रॅम सोनं गेलं. नुसत्या नजरेला ते कळत नाही.

भाची : शेजारीण म्हणाली, लोहचुंबक लावून बघ.

मामा : त्यानं काय कळणार, बाई? तांबं, पितळ, चांदी यांनाही चुंबक ओढत नाही. आम्ही कसोटीवर रेघ ओढून तेजाब लावायचो. हिणकस सोन्याची रेघ उडायची. पण तो अंदाजच. हॉलमार्कची सक्ती जून 2021 पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असल्याशिवाय सक्तीच्या जिल्ह्यांत सराफाला डाग विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतले डाग आणि आणखी काही प्रकार यातून सुटलेत.

भाची : आईची जुनी एकदाणी आहे. तिच्यावर तर काहीच शिक्का नाही.

मामा : नसू दे. नियम विकणाऱ्या सराफाला आहे, घरातल्या सोन्याला नाही. नव्या डागावर मात्र भिंगातून पाहा : भारतीय मानक ब्युरो म्हणजे बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, कॅरेट आणि 916, मग तो एचयूआयडी क्रमांक. दुकानातच बीआयएस केअर ॲपमध्ये क्रमांक टाक. मोबाइलवर अंगठी दिसली आणि हातात मंगळसूत्र असलं, तर तो डाग घेऊ नको.

भाची : शिक्का जुळला की झालं?

मामा : खरी फसगत तर पुढंच होते! शिक्का कस सांगतो. काळे मणी, बोरमाळेतली लाख, अंगठीचा खडा यांचं वजन सोन्याच्या भावानं लागलं, तर शिक्का काय करणार? निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घे. घडणावळही आधीच विचार. डाग मोडायला आणलेल्या बायांना ती परत मिळत नाही हे तेव्हा कळायचं. फार वाईट वाटायचं.

भाची : आणि चांदीचं? तांड्यावरच्या मैत्रिणीची चांदीची घुगरी-टोपली, बंजारा बायांचा तो डाग, काळी पडलीय.

मामा : काळी पडली म्हणून खोटी नव्हे. हवेतल्या गंधकानं चांदी काळवंडते. भीती जर्मन सिल्व्हरची. ते तांबं, निकेल आणि जस्ताचं, चांदीचा कणही नसतो त्यात. आपल्याकडं कितीतरी घरांची बचत चांदीतच असते, म्हणून तिचा कस पाहायलाच हवा. 1 सप्टेंबर 2025 पासून चांदीलाही एचयूआयडी आलाय, पण सक्ती नाही. आपणच मागायचा.

भाची : पावती घेतली नाही तर तीन टक्के जीएसटी वाचतो म्हणतात.

मामा : ते तीन टक्के वाचवू नको. हॉलमार्कच्या डागाचा कस कमी निघाला, तर तुटीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च सराफानं द्यायचा, असा नियम आहे. पावतीशिवाय मागशील कशाच्या जोरावर? डागाचं नाव, निव्वळ वजन, कस, हॉलमार्कचा खर्च हे सगळं पावतीवर लिहून घे आणि मगच पैसे मोज.